वॉटफर्डमधला हेआन काळ

परवा माझी नात ईशा माझ्या शेजारी सोफ्यावर बसून तिच्या टॅबलेटवर जपानचा इतिहास वाचत होती. शाळेने दिलेला, लहान मुलांसाठी सोपा करून लिहिलेला. वर चेरीची झाडं, रंगीत झग्यांतल्या बायका, गोबऱ्या गालांचा एक बालसम्राट, आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच वाक्य, की हेआन काळ हा शांततेचा आणि सौंदर्याचा काळ होता. ‘आजी, तुला माहितीये हेआन पिरियड?’ तिने विचारलं. ‘माहिती म्हणजे काय? मी राहिलेय त्यात,’ मी म्हटलं. तिने माझ्याकडे, हल्ली माझ्या गोळ्या चुकल्यावर बघतात तसं बघितलं. ‘आजी, तो थाउजंड इयर्स अगो होता.’ असेल. वॉटफर्डला तो जरा उशिरा पोचला, आणि माझ्या मते अजून पुरता गेलेला नाही.

आमचं तेव्हाचं घर रस्त्यावरच्या घरांच्या रांगेत मधोमध होतं, एका भिंतीने शेजारच्या मिसेस हॉब्सच्या घराला जोडलेलं. पुढची बसायची खोली पाहुण्यांसाठी राखलेली आणि म्हणून कायम थंडगार. आम्ही खरे राहायचो ते मागच्या स्वयंपाकघरात, कारण रॉकेलचा हीटर तिथे होता. सकाळ व्हायची आजोबांच्या चूळ भरण्याने. अंगठा टाळूपर्यंत घालून घशातून जो आवाज ते काढत, त्याला भिंतीपलीकडून हॉब्सबाईंचा कुत्रा न चुकता उत्तर देई. मग आई फोडणी टाकायची, आणि मग सबंध रस्ता खिडक्या लावून घ्यायचा. बाबा तोवर डबा घेऊन हॉस्पिटलात गेलेले असत. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात ते रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरच्या हाताखालचे डॉक्टर होते, आणि बरीच वर्षं रजिस्ट्रारच होते. पुण्याला त्यांनी सुवर्णपदक मिळवलं होतं. ते पदक आईने चहाच्या रिकाम्या डब्यात, सुया-दोऱ्यांबरोबर ठेवलं होतं, आणि दर वेळी सुई शोधताना ते मधे यायचं.

आजी गेल्यावर आजोबा पुण्याहून आमच्याकडे आले. दारात पाऊल टाकताक्षणी त्यांनी जाहीर केलं, ‘मी आता सगळ्यातून निवृत्त. तुमच्या संसारात माझी लुडबुड नाही.’ त्यानंतर आमच्याकडे भाजी कुठली करायची, मी केस किती कापायचे आणि बाबांनी कुठल्या दिवशी दाढी करायची, हे सगळं आजोबा ठरवू लागले. ट्रंकेतून त्यांनी पंचांग आणलं होतं. पंचांग पुण्याचं आणि सूर्य वॉटफर्डचा. हिवाळ्यात तो सूर्य उशिरा कामावर येई आणि चहाच्या सुमाराला घरी जाई, त्यामुळे आजोबांचा राहुकाळ एकसारखा घसरे. ते पेन्सिल घेऊन वजाबाक्या करीत बसत आणि शेवटी वैतागून ‘या लोकांना सूर्य मिळालाच कसा!’ म्हणत.

त्या वर्षी मी प्रायमरीच्या सगळ्यात वरच्या वर्गात होते. आमच्या मिस पार्करबाईंच्या डोक्यात आलं, की आपल्या मुलांनी एकेक जुना काळ निवडायचा आणि शुक्रवारच्या असेंब्लीत तो शाळेतल्या चिमुरड्यांना सोपा करून सांगायचा. पालकांनाही बोलवायचं. इजिप्त, रोम आणि व्हायकिंग पटापट उचलले गेले. मी रोमसाठी हात वर केला होता. ‘मीनल, तू जपान घे डिअर,’ बाई म्हणाल्या. ‘ते तुमच्याच बाजूला आहे.’ मी घरी येऊन ॲटलासवर सुतळी लावून बघितलं. पुण्याहून जपान जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच वॉटफर्डही लांब. पण सुतळी घेऊन बाईंकडे जायची आमच्या घरात पद्धत नव्हती. लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यातली झग्यांची चित्रं ज्या काळाची सगळ्यात सुंदर होती तो काळ निवडला. बाईंनी चाळून पाहिलं आणि सल्ला दिला, ‘जास्त खोलात जाऊ नकोस. दे वर रादर सिली, पण दिसायला सुरेख, एवढं मुलांना कळलं की झालं.’ तेवढ्यात खिडकीबाहेर एकटा मॅगपाय पक्षी दिसला, तशी बाईंनी कपाळाला हात लावून त्याला सलाम केला. एकटा दिसला आणि सलाम केला नाही तर दुःख येतं म्हणे.

मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वाचायचे आणि पोळ्या लाटणाऱ्या आईला मराठीत सांगायचे. तेव्हाच्या जपानी बायका दात काळे करीत, हे वाचून वर्गात मुली ‘यक’ म्हणाल्या होत्या. आई म्हणाली, ‘त्यात काय? तुझी पणजी दातवण लावायची. पांढरे दात कुत्र्याचे, असं म्हणायची.’ सम्राटाला गादीवर लहानपणीच बसवत आणि मिसरूड फुटल्यावर त्याला उतरवत. उतरलेला सम्राट डोकं भादरून मठात जाई, मी आता निवृत्त म्हणे, आणि तिथून सगळं राज्य चालवी. आईचं लाटणं थांबलं. तिने वर छताकडे बघितलं, कारण वर आजोबा जप करीत होते. ‘पुढे वाच,’ ती म्हणाली. पुढे होतं की दरबारातल्या नेमणुका गुणांवर होत नसत. कोण कुणाचा जावई, एवढंच बघत. ‘हे मात्र तुझ्या बाबांना वाचून दाखवू नकोस,’ आई म्हणाली.

कारण बाबा तोवर कन्सल्टंटच्या, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरच्या जागेसाठी दोन ठिकाणी मुलाखती देऊन परत आले होते. तेव्हा अशी रीत होती, की सगळे उमेदवार एका खोलीत चहा पीत बसवून ठेवायचे, मुलाखती झाल्या की एक माणूस दारात येऊन एकच नाव पुकारायचा, आणि बाकीच्यांनी कोट उचलून हसत हसत त्याचं अभिनंदन करायचं. पहिल्या वेळी नाव पुकारलं गेलं त्या मुलाला बाबांनीच सलाइन लावायला शिकवलं होतं. त्याचे सासरे निवड समितीच्या अध्यक्षांबरोबर गोल्फ खेळत. दुसऱ्या वेळचं बाबांनी कधी सांगितलंच नाही. आता तिसरी जागा निघाली होती, गाडीने तासाभरावर, उत्तरेकडच्या एका गावी. बाबा म्हणाले, ‘ही शेवटची. नाही झालं तर परत पुण्याला.’ तिकडे आजोबांनी एका नातेवाइकाच्या दवाखान्यात बाबांची खुर्ची बोलून ठेवली होती. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला मात्र जायचं नव्हतं. माझी शाळा, माझी लायब्ररी, माझी मैत्रीण वेंडी, सगळं वॉटफर्डला होतं, आणि पुणं म्हणजे मला फक्त उकाडा, डास आणि गाल ओढणाऱ्या आत्या एवढंच आठवत होतं. त्या मुलाखतीसाठी मी सुद्धा देवाला बोलले होते, आणि वेंडीच्या सांगण्यावरून बोटांवर बोटंही चढवली होती.

मुलाखत बुधवारी. हे कळताच आजोबांनी पंचांग मिटलं आणि चष्मा काढला. ‘बुधवारी उत्तरेला दिशाशूळ. जाता येणार नाही.’ बाबा म्हणाले, ‘अप्पा, हॉस्पिटलने दिवस दिलाय. मी काय त्यांना सांगू, की माझे वडील गुरुवार म्हणतात?’ बराच वेळ वाद झाला. म्हणजे आजोबा बोलले आणि बाबा पोहे खात राहिले. शेवटी आजोबांनीच मार्ग काढला, जो अशा वेळी आपल्याकडे शेकडो वर्षं काढत आले आहेत. प्रस्थान ठेवायचं. सोमवारी, चांगल्या वेळेला, प्रवासाचं सामान घरातून काढून त्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. मग माणूस सोमवारीच निघाला असं धरतात, आणि बुधवारी तो फक्त पुढे चालू लागतो. मी हे ऐकलं आणि पुस्तक घेऊन धावत आले. हेआन काळातले सरदार हुबेहूब हेच करीत! जायची दिशा वाईट असली तर ते आदल्या संध्याकाळी तिसऱ्याच घरी मुक्कामाला जात आणि तिथून निघत. ‘आजोबा, लुक! हे तर जपानीज करायचे!’ मी म्हटलं. आजोबांनी चित्रातल्या सरदाराच्या टोपीकडे आदराने बघितलं. ‘करणारच,’ ते म्हणाले. ‘आपल्याकडूनच गेलं असणार.’

आमची ओळखीची मराठी माणसं सगळी हॅरोला, म्हणजे दक्षिणेला. उत्तरेला पहिलं घर मिसेस हॉब्सचं. बाईंचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन गेली होती, आणि त्या व तो कुत्रा एवढेच घरात. सोमवारी मला दुभाषी म्हणून पुढे घालून आजोबा धोतरावर ओव्हरकोट चढवून त्यांच्या दारी गेले. बॅगेत बाबांचा मुलाखतीचा नवा सूट, शर्ट, टाय, आणि खिशात हळदकुंकू लावलेली सुपारी. आईचं म्हणणं होतं की नुसती सुपारी ठेवली तरी चालतं. आजोबांनी ऐकलं नाही. ‘देव सुपारीवर समजूत करून घेईल. दिशा नाही घेणार. जो घालायचा तोच पोशाख गेला पाहिजे.’ मी मिसेस हॉब्सना जमेल तसं समजावलं, की ही बॅग दोन दिवस ठेवायची आहे, बाबा बुधवारी सकाळी घेऊन जातील, आणि मधे ती आमच्या घरी परत आणायची नाही. ‘हाउ लव्हली,’ त्या म्हणाल्या, ‘या, आत किचनमध्ये ठेवते.’ आतून बेकनचा वास आला. आजोबा उंबऱ्यावर थिजले. ‘तिला सांग, आत नको. सुपारी आहे त्यात. इथे बाहेरच असू दे.’ मग बॅग दारालगतच्या काचेच्या पोर्चमध्ये ठेवली. तिथे आणखीही बऱ्याच बॅगा होत्या. आजोबांना ते शुभ वाटलं. ‘सोबत आहे,’ ते म्हणाले.

ती सोबत म्हणजे चर्चच्या जम्बल सेलचं, म्हणजे धर्मादाय विक्रीचं, सामान होतं. सबंध रस्त्याचे जुने कपडे मिसेस हॉब्सच्या पोर्चमध्ये जमत, हे आमचं घर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. मंगळवारी त्या केस सेट करायला गेल्या असताना चर्चची माणसं व्हॅन घेऊन आली आणि पोर्च रिकामा करून गेली. दुपारी सेल झाला. संध्याकाळी आम्ही थालीपीठ खात असताना मागचं दार वाजलं. मिसेस हॉब्स, डोळे लाल, सेट केलेले केस विस्कटलेले. ‘मी स्वतः तिथे चहा देत होते, डॉक्टर,’ त्या म्हणाल्या. ‘एक माणूस सूट हातावर टाकून माझ्यासमोरून गेला. मी मनात म्हटलं सुद्धा, व्हॉट अ नाइस सूट!’ दुकानं बंद झालेली. बाबांकडे दुसरं होतं ते कोपरांना चामडं लावलेलं जाकीट, जे घालून ते बागेत काम करीत. बाबा थालीपिठाकडे बघत बसले. आजोबांची चिंता वेगळीच होती. ‘चर्च कुठल्या दिशेला?’ त्यांनी मला विचारलं. ‘साउथला.’ ते मटकन खुर्चीत बसले. प्रस्थान उलट्या दिशेला गेलं होतं! आई इतकी वर्षं त्या घरात आवाज न चढवता राहिली होती. त्या संध्याकाळी तिने तवा सिंकमध्ये आपटला. ‘अप्पा, सूट गेलाय. दिशा कुठे जात नाही, ती तिथेच राहते. सूट गेलाय!’

मिसेस हॉब्स उठून घरी गेल्या आणि नवऱ्याचा सूट घेऊन आल्या. करडा, जाड लोकरीचा, डांबरगोळ्यांच्या वासाचा. मिस्टर हॉब्स बाबांच्या दीडपट असणार. आईने चहाचा डबा उघडला, सुवर्णपदक बाजूला सारलं, सुई काढली आणि बाबांना खुर्चीवर उभं करून सूट त्यांच्या अंगावर बेतायला घेतला. हॉब्सबाई टाचण्या पुरवीत होत्या आणि दोघी दोन भाषांत एकमेकींना सूचना देत होत्या. शेवटी मिसेस हॉब्सनी पिशवीतून एक टाय काढला. विटकरी रंगावर फिकट पिवळे पट्टे. ‘बँडवाल्यांचा वाटतो,’ आई मला म्हणाली, आणि त्यांच्याकडे बघून हसून ‘व्हेरी नाइस’ म्हणाली. बुधवारी सकाळी बाबा हातावर दही-साखर घेऊन, डांबरगोळ्यांचा वास सोडत स्टेशनकडे चालू लागले. आजोबा खिडकीत उभे होते. मिसेस हॉब्स त्यांच्या फाटकात उभ्या होत्या. समोरच्या भिंतीवर एक मॅगपाय बसला होता. मिसेस हॉब्सनी त्याला सलाम केला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुझे आजोबा ना, स्वीट आहेत, पण किती ते सुपरस्टिशस!’

बाबा संध्याकाळी परत आले ते पुढच्या दाराने. आमच्याकडे पुढचं दार फक्त पाहुणे आणि पोलीस वापरत, म्हणून आम्ही सगळे घाबरून उठलो. ‘मिळाली,’ ते म्हणाले. आईने पदर डोळ्याला लावला. आजोबांनी देवाला हात जोडले. मी उड्या मारायला लागले, कारण पुणं टळलं होतं. डब्यातल्या राइस पुडिंगमध्ये वेलदोडा घालून आईने खीर केली. आजोबांनी लगेच निकाल दिला, ‘सूट दक्षिणेला गेला, तोच दिशाशूळ घेऊन गेला. प्रस्थान पावलं.’ बाबा हसत हसत सांगू लागले. ते आत गेले तर अध्यक्ष समोरच्या कागदांत डोकं घालून बसलेले. त्यांनी मान वर केली, आधी टायकडे पाहिलं, मग टायकडेच पाहत राहिले. मग एकदम खुलले आणि त्यांनी विचारलं, ‘रोइंग करायचात का?’ बाबा म्हणाले, ‘मी म्हटलं, नो सर, कधी संधी मिळाली नाही. तर ते इतके मोठ्याने हसले! म्हणाले, मलाही नाही, मी फार आळशी होतो. मग नदीवर बोलले, धुक्यावर बोलले. वॉर्डातलं कुणी काही विचारलंच नाही. मी आपला कागदपत्रं मांडीवर घेऊन तयारीत होतो. शेवटी माझंच नाव पुकारलं. काय मोकळी माणसं! मला वाटतं आता इथलंही वातावरण बदलायला लागलंय.’

तेवढ्यात मिसेस हॉब्स अभिनंदनाला आल्या. बाबांनी त्यांनाही सगळं सांगितलं, रोइंगसकट. त्या ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. ‘ओह डिअर,’ त्या म्हणाल्या. ‘तो टाय त्या नदीवरच्या कॉलेजचा आहे.’ मग त्यांनी सांगितलं. मिस्टर हॉब्स वॉटफर्डला येण्याआधी आयुष्यभर त्या मोठ्या कॉलेजात होते. बोटहाउसवर, नोकर म्हणून. साहेबांच्या पोरांच्या बोटी पुसायच्या, वंगण घालायचं, चिखलाचे बूट धुवायचे. काम सोडलं तेव्हा कॉलेजने त्यांना तो टाय भेट दिला, जो एरवी तिथे शिकलेली ती साहेबांची पोरंच लावत. ‘त्याने कधी घातला नाही. आपल्यासारख्यांनी घालायचा नसतो, म्हणायचा. लोक हसतील.’ मी ते आईला मराठीत सांगितलं. बाबांनी टायची गाठ सोडली, टायची नीट गुंडाळी केली आणि खिरीच्या वाटीशेजारी ठेवली.

मिसेस हॉब्स गेल्यावर बाबा म्हणाले, ‘मला त्यांना कळवलं पाहिजे. मी तिथला नाही, टाय माझा नाही.’ आजोबा चिडले, ‘कळवून काय सांगणार? की शेजारणीच्या नवऱ्याचा, तो घरगडी की काय होता, त्याचा टाय होता?’ आई भांडी घासत होती. ती वळली नाही. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘आधीच्या दोन वेळी टाय तुमचा स्वतःचाच होता ना? तेव्हा त्यांनी कुणी कळवलं तुम्हाला, की आमची चूक झाली म्हणून?’ बाबांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं. इतक्या वर्षांचा अभ्यास, रात्रपाळ्या, परीक्षा, ते पदक, सगळं घेऊन माणूस दारात उभा राहिला होता, आणि दार उघडलं ते वीतभर कापडाने. नोकरी न मिळाल्याचा अपमान ते दोनदा गिळून बसले होते. मिळाल्याचा अपमान त्यांना गिळता येईना.

शुक्रवारी ते असेंब्लीला आले. कन्सल्टंट झालो तर नक्की येईन असं कबूल केलं होतं. पालकांसाठी चिमुरड्यांच्याच खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे बाबांचे गुडघे हनुवटीशी आलेले. मी आईचा शालू गुंडाळून, त्यावर पाठीला उशी बांधून, जपानी बाई होऊन उभी राहिले. दात काळे करायला मिस पार्करबाईंनी नको म्हटलं होतं. मी सांगितलं की फार वर्षांपूर्वी जपानात एक सम्राट होता, तो काही करीत नसे. जो करी तो म्हणे मी निवृत्त. सगळे सुंदर कविता लिहीत, अत्तरं बनवीत आणि वाईट दिशेला जात नसत. बाहेर शेतांत माणसं उपाशी होती, पण ती झाडांच्या पलीकडे असल्यामुळे दिसत नसत. मिस पार्करबाई हसऱ्या चेहऱ्याने मला आवरतं घ्यायच्या खुणा करू लागल्या. मी झग्यांच्या रंगांवर आले. मोठ्यांचा जांभळा, मधल्यांचा लाल, त्यांच्या खालच्यांचा हिरवा. माणूस दारात आला की आधी रंग बघत. रंग बरोबर असला तर त्याला काय येतं हे कुणी विचारत नसे, आणि रंग चुकीचा असला तरी काय येतं हे कुणी विचारत नसे.

पहिल्या रांगेतून एक दात पडलेला मुलगा उठला. ‘मिस, अँड व्हॉट इफ त्याने दुसऱ्याचा बॉरो केला तर?’ सगळे पालक हसले. मी विचार केला. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. ‘देन ही इज अ लॉर्ड,’ मी म्हटलं, ‘जोपर्यंत परत देत नाही तोपर्यंत.’ आणखी मोठा हशा झाला. मिस पार्करबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना सांगितलं, की बघा, आपण किती भाग्यवान, आपण असल्या काळात राहत नाही. बाबांच्या शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी, ज्यांच्या ब्लेझरच्या खिशावर कुठल्याशा क्लबाचं चिन्ह होतं, जोरात मान हलवली. एवढ्या गर्दीत बाबा तेवढे हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि शर्टाच्या वरच्या बटणाशी चाचपत होते. त्या दिवशी त्यांनी टाय लावलेलाच नव्हता.

त्यांनी कळवलं नाही. ती जागा घेतली, आणि तिथे इतकं काम केलं की त्या गावातल्या म्हाताऱ्या त्यांच्या नावाने केक भाजून पाठवीत. टाय इस्त्री करून मिसेस हॉब्सना परत दिला. त्या घेईनात, तेव्हा त्यांच्या हॉलमधल्या खुंटीला अडकवून आले. आजोबा शेवटपर्यंत प्रस्थानाची ती कथा येईल त्या पाहुण्याला सांगत आणि दर वेळी तीत नवी भर घालीत. शेवटी शेवटी तर बॅग व्हॅनमध्ये स्वतःहून चढली होती. आणि बाबांचा तो सूट मला एकदाच दिसला. आमच्या शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या काकांच्या अंगावर, हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, दिवशी. त्यांना तो फारच छान बसत होता. ‘खिशात एक लाल-पिवळं नट होतं,’ ते मला म्हणाले, ‘फेकलं नाही. लकी असेल, काय सांगावं!’

बाबा तीन हिवाळ्यांपूर्वी गेले. दहनाच्या दिवशी गोल्डर्स ग्रीनला बरीच माणसं आली, त्यांत एक उंच, काठी टेकत चालणारे, पिकल्या केसांचे काळे गृहस्थ होते. नायजेरियाहून शिकायला आलेले आणि आता स्वतः कन्सल्टंट म्हणून निवृत्त झालेले डॉक्टर. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुमच्या वडिलांनी मला निवडलं. मुलाखतीला ते अध्यक्ष होते. जानेवारी महिना, त्या इमारतीचं हीटिंग बंद पडलेलं, तोंडातून वाफ निघत होती. मी आत गेलो, तर ते म्हणाले, इथे फार उकडतंय, नाही का? जेंटलमेन, आपण सगळेच टाय काढू या. आणि आधी स्वतःचा काढला. मग बाकीच्यांना काढावाच लागला. एकाचा तर कसलासा फार मोठा टाय होता, त्याने तो घडी करून खिशात ठेवला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मग तासभर मला पेशंटांबद्दल विचारलं. नुसतं पेशंटांबद्दल. पुढे मला कळलं, की प्रत्येक मुलाखतीला ते असंच करायचे, उन्हाळा असो की बर्फ. कुणाला कधी कारण सांगितलं नाही. आमच्यात त्यावर विनोद चालायचे.’ ते बोटांनी काठीची मूठ फिरवत राहिले. ‘मला नेहमी विचारायचं होतं. त्यांना खरंच उकडत होतं का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘खूप वर्षं.’